एक कोयता, दोन माणसं

'या वीकेंडला कुठं?' या प्रश्नाला 'बीड' असं उत्तर कुणी देत नाही. मीही दिलं नसतं. पण व्हॉट्सअॅपवर एक फोटो आला, आणि माझ्या जुन्या रूममेटनं तो जरा जास्तच वेळ बघितला...

फोटो पाठवला होता माझ्या मावसभावानं. तो व्हर्जिनियात एमएस करतोय. एरवी त्याचे फोटो म्हणजे बर्फ, बर्गर आणि सेल्फी. या वेळी होती दगडाची एक मोठी गोल भिंत, एका बाजूनं उघडी. खाली एकच ओळ : 'आमच्या शेजारच्या युनिव्हर्सिटीतलं स्मारक. बघ, तुला स्टोरी मिळेल.'

ते आहे शार्लट्सव्हिलमध्ये, युनिव्हर्सिटी ऑफ व्हर्जिनियाच्या कॅम्पसवर. थॉमस जेफरसन यांनी १८१९ मध्ये स्थापन केलेलं हे विद्यापीठ. विटा भाजण्यापासून ते पोरांचं जेवण रांधण्यापर्यंत सगळं काम गुलामांनी केलं. गुलामगिरी संपेपर्यंत तिथं राबलेली माणसं साधारण ४,०००. त्यांच्या स्मारकाची मागणी २०१० मध्ये विद्यार्थ्यांनीच लावून धरली आणि २०२० मध्ये ते उभं राहिलं. भिंतीवर माणसामागे एक, अशा सुमारे ४,००० चिरा आहेत. नावं मात्र सहाशेच्याही आतच सापडली. काहींच्या चिरेवर नुसतं काम किंवा नातं लिहिलंय. बाकीच्यांच्या वाट्याला फक्त चीर.

आम्ही कोथरूडच्या एका कॅफेत बसलो होतो. मी फोटो मैत्रिणीला दाखवला. आम्ही दोघी तीन वर्षं पुण्याच्या एका हॉस्टेलवर एका खोलीत राहिलेलो. आता ती हिंजवडीत एचआरमध्ये आहे आणि मी फ्रीलान्स, म्हणजे कायम डेडलाइनवर. तिनं फोटो मोठा केला, छोटा केला, परत मोठा केला. मग म्हणाली, "दिवाळीनंतर माझ्या गावाला येतेस? आईअण्णा जायच्या आत."

"कुठं जायच्या आत?"

"तोडीला."

हॉस्टेलवर असताना दर नोव्हेंबरात ती सांगायची, आईबाबा गावाला गेलेत, फोन लागणार नाही. आम्ही खिदळायचो, अगं, ते गावालाच राहतात ना, मग कुठल्या गावाला गेले? ती पण हसायची. आईवडील काय करतात विचारलं की उत्तर ठरलेलं, 'शेती'. इतक्या वर्षांत आम्हा कुणालाच पुढचा प्रश्न सुचला नव्हता. मी तर जर्नालिझम करत होते, बोला!

मांजरसुंब्याच्या पुढे

पुण्याहून अहिल्यानगर, कडा, आष्टी, जामखेड, पाटोदा असा एसटीचा रस्ता. जामखेड सोडलं की सौताड्याचा धबधबा लागतो. मांजरसुंब्याला धुळे-सोलापूर हायवे येतो, जवळच कपिलधार. पावसाळ्यात हा सगळा बालाघाट असा हिरवागार असतो की कुणीही म्हणेल, कसला दुष्काळ?

पण हा पर्जन्यछायेचा पट्टा. डोंगरउतारावरची हलकी जमीन, पावसावरचं एक पीक. तो आला नाही तर पीक नाही, आणि धो धो आला तरी नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात झालेल्या अतिवृष्टीनंतर आम्ही गेलो होतो. रस्त्याकडेला काळी पडलेली सोयाबीन अजून तशीच उभी होती.

इकडे हे असं, आणि तिकडे पश्चिम महाराष्ट्रात कालव्याचं पाणी, ऊस आणि साखर कारखाने. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. कारखाने वाढत गेले तशी ऊस तोडायला माणसं लागली आणि ती इथल्या डोंगरातून जाऊ लागली. बीड जिल्ह्यातून आजही लाखो माणसं दिवाळीच्या सुमारास निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. काही कोल्हापूर-सांगलीकडे जातात, काही थेट कर्नाटकात.

मैत्रिणीचं गाव केज आणि धारूरच्या मधल्या डोंगरात. घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं. दारात तुळस, तिच्याशेजारी डिश अँटेना. मावशींनी मला बघताच पायावर पाणी घेऊन आत यायला सांगितलं आणि चहा ठेवला. साखर मुठीनं टाकली.

"मावशी, बास बास!"

"असू दे माय. साखरंला काय कमी हाय आपल्याकडं?" असं म्हणून स्वतःच खळखळून हसल्या.

कोयत्याचं गणित

संध्याकाळी ओट्यावर बसून अण्णांनी मला हा धंदा समजावून सांगितला. आपल्या पॅकेज, सीटीसी आणि नोटीस पिरियडच्या भाषेत सांगायचं तर असं :

नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादम टोळी जमवतो आणि हंगामाआधीच जोडीला 'उचल' देतो, म्हणजे अॅडव्हान्स. पन्नास हजार, लाख, कधी जास्तही. ती लग्नात, दवाखान्यात, पोरांच्या फीमध्ये जाते. मग चार-पाच महिने तोडणी करून ती फेडायची. फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षाच्या डोक्यावर. एक दिवस गैरहजर राहिलं तर 'खाडा', म्हणजे मजुरी तर गेलीच, वर दंड. सिक लीव्ह हा प्रकारच नाही.

एक जोडी दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडते. पुरुष बुडातून तोडतो. बाई पाला काढते, मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन ट्रकपर्यंत नेते. एक मोळी सहज पस्तीस-चाळीस किलोची असते. बाईचा दिवस पहाटे तीन-चारला भाकरी थापण्यापासून सुरू होतो आणि ट्रक रात्री आला तर रात्रीच भरायचा. मुक्काम कोपीत, म्हणजे ताडपत्रीच्या झोपडीत.

जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. आता टनाला साधारण ३६६ रुपये मिळतात. एक टन उसातून शंभर-एकशेदहा किलो साखर निघते. मी मोबाइलवर हिशेब केला. किलोभर साखरेमागे तोडणाऱ्या जोडीला मिळतात साडेतीन रुपये. कॅफेत मी कॅपुचिनोत रिकामी करते त्या पाच ग्रॅमच्या पुडीमागे पावणेदोन पैसे. दोघांत मिळून!

त्या रात्री आजूबाजूच्या बायका मला बघायला जमल्या. गप्पा रंगल्या आणि बोलता बोलता एकजण म्हणाली, "माझी पिशवी काढलीय ना." आपण 'अक्कलदाढ काढली' म्हणतो ना, तसं. मग दुसरी म्हणाली, माझी पण. वय विचारलं, तर माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या. २०१९ मध्ये सरकारी समितीसाठी बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली होती. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. साधारण सहाजणींमागे एक. तेव्हा मोठ्या हेडलाइन्स झाल्या होत्या, मीही वाचल्या होत्या. पण फडात ना आडोसा, ना पाणी. पाळीत खाडा परवडत नाही, दुखणं अंगावर काढायचं, आणि शेवटी कुणीतरी सांगतं, काढूनच टाका, कटकट मिटेल. हे त्या ओट्यावर बसल्याशिवाय कळत नाही.

देणगीदारांची भिंत

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीनं मला तिचं कॉलेज दाखवलं. आईवडील तोडीला गेले की ती आजीजवळ राहायची आणि अकरावी-बारावीला एसटीनं इथं यायची. मोठं मैदान, सायकल स्टँड, लिंबाची झाडं, आणि प्रवेशद्वाराशी संस्थापकांचा अर्धपुतळा. आत शिरताच भिंतीवर संगमरवरी पाटी : देणगीदारांची नावं. श्री. अमुक अमुक, रुपये ५,००१. कै. तमुक यांच्या स्मरणार्थ, रुपये ११,०००.

ती पाटीसमोर उभी राहिली. "माझी फी उचलीतून गेली," ती म्हणाली. "दर वर्षी. आई-अण्णांनी पहिले पंधरा दिवस तोडलेला ऊस म्हणजे माझं कॉलेज."

मी काहीच बोलले नाही. मला माझ्या भावाचं इंजिनीअरिंग कॉलेज आठवत होतं. तुमच्यापैकीही कितीतरी जण अशाच कॅम्पसमधून बाहेर पडले असतील. पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखान्यांच्या आधारानं शाळा-कॉलेजं निघाली, १९८३ नंतर खासगी इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाल्यावर तर मोठाले कॅम्पस उभे राहिले. शेतकऱ्याच्या उसाच्या पैशातून टनामागे कपात व्हायची, त्यातून शिक्षणसंस्था वाढायच्या. वाईट काय त्यात? काहीच नाही. खेड्यातली पोरं इंजिनीअर झाली, डॉक्टर झाली. गेटवर सहकारमहर्षींचा पुतळा असतो, तोही असावाच.

फक्त तो ऊस कुणी तोडला होता, हे त्या कॅम्पसवर कुठंच लिहिलेलं नसतं. माझा भाऊ चार वर्षं तिथं शिकला. मी दोनदा त्याच्या गॅदरिंगला गेले. रस्त्यात उसाचे ट्रॅक्टर आडवे आले म्हणून आम्ही वैतागलोही होतो. त्या उसावर झोपलेली माणसं दिसली होती, पण माझ्या मनात एकच विचार होता, उशीर होतोय.

कुणी म्हणेल, अमेरिकेतली गुलामगिरी कुठं आणि ऊसतोड कुठं! बरोबर आहे. ते गुलाम विकले-विकत घेतले जायचे. इथं कुणी कुणाला विकत नाही. वेठबिगारीवरसुद्धा १९७६ च्या कायद्यानं बंदी आहे. हे काम लोक हातात पैसे घेऊन करतात. पण आधी घेतलेल्या पैशासाठी अंगात ताप असताना फडात उभं राहावं लागतं, सोडून जाता येत नाही, तेव्हा मर्जी किती आणि मजबुरी किती? अमेरिकेत मजुरांची मोजणी 'हात' म्हणून व्हायची. आपल्याकडे ती 'कोयते' म्हणून होते. 'आपल्या गावातून चाळीस कोयते गेले,' असं अगदी सहज म्हणतात. चाळीस कोयते म्हणजे ऐंशी माणसं.

गोपीनाथगडावर

स्मारक बघायला जायचं तर बीड जिल्ह्यात कुणीही तुम्हाला एकच पत्ता देईल : परळीजवळ पांगरी, गोपीनाथगड. आम्हीही गेलो. नाथ्रा या परळी तालुक्यातल्या गावात जन्मलेले, ऊसतोड कामगारांचे नेते म्हणून राज्याला माहीत असलेले गोपीनाथ मुंडे ३ जून २०१४ ला दिल्लीत अपघातात गेले. त्यांच्यावर वैद्यनाथ कारखान्याच्या परिसरात अंत्यसंस्कार झाले आणि १२ डिसेंबर २०१५ ला, त्यांच्या जयंतीला, इथं हे स्मारक खुलं झालं. जयंतीला आणि पुण्यतिथीला इथं मोठी गर्दी होते. आम्ही गेलो तेव्हा मोजकीच माणसं होती. एक म्हातारे गृहस्थ चपला बाहेर काढून आत आले आणि हात जोडून बराच वेळ उभे राहिले. तळहातावरचे घट्टे बघून मैत्रीण हळूच म्हणाली, "कोयत्याचे आहेत."

राजकारण बाजूला ठेवा. आपल्यातला कुणीतरी मोठा झाला, आपल्यासाठी भांडला, याचा अभिमान त्या चेहऱ्यावर होता. पण परत येताना मी मैत्रिणीला विचारलं, "नेत्याचं स्मारक झालं. ज्यांचा नेता, त्यांचं कुठं आहे?"

"बघितलंय की कालच. आमच्या घरी चहा पिलीस ना?"

वही

निघायच्या आदल्या रात्री मुकादम आले. माझ्या डोक्यात मुकादम म्हणजे सिनेमातला व्हिलन. आले ते साधे पायजम्यातले, दम्यानं खोकणारे गृहस्थ. एके काळी तेही कोयत्यावरच होते, आता कारखान्याकडून पैसे उचलून टोळीला वाटतात. एखादी जोडी पळून गेली तर वसुली त्यांच्या गळ्यात. त्यांनी पिशवीतून लांबट वही काढली. रकाने आखलेले : नाव, कोयता, उचल, सही.

मी मागून डोकावले. अण्णांचं नाव. पुढे '१ कोयता'. पुढे रक्कम. पुढे अण्णांची सही.

"मावशींचं नाव कुठंय?"

मुकादमांना प्रश्नच कळला नाही. "त्यांचं कशाला? कोयता लिवलाय की. कोयत्यात दोघं आले."

मला ती भिंत आठवली. तिथली नावं कुठून सापडली, ठाऊक आहे? बरीचशी जुन्या हिशेबांच्या कागदांत. कुणी कुणाला भाड्यानं दिला, किती पैसे आले, अशा नोंदींत. पुढे कधी आपल्याकडे कुणाला कॅम्पसवर अशी भिंत बांधायचं सुचलंच, तर नावं शोधायला त्यांना अशाच वह्या धुंडाळाव्या लागतील. आणि त्यात निम्मी माणसं सापडणारच नाहीत. मावशींनी सत्तावीस हंगाम ऊस वाहिला. त्या वहीत त्या नाहीत.

मैत्रीण आतून आली. तिनं मुकादमांकडून पेन मागून घेतलं. "काका, रागावू नका," म्हणाली आणि अण्णांच्या नावाखाली, आखलेल्या ओळींच्या मधल्या जागेत, आईचं पूर्ण नाव लिहिलं. मुकादम जरा हसले. "लिव की बाई. तेवढ्यानं उचल वाढत नसती."

मावशी चुलीपाशी होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळानं पत्र्याची पेटी उघडून त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं एक कार्ड मला आणून दाखवलं. ग्रामपंचायतीकडून मिळालेलं ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र. फोटो थोडा अंधूक, पण नाव त्यांचं स्वतःचं. "हे हाय माझं," म्हणाल्या. त्या कार्डावर नक्की काय मिळतं, हे त्यांना कुणी नीट सांगितलेलं नव्हतं. तरी त्यांनी ते सोन्याच्या डोरल्याबरोबर ठेवलं होतं.

सरकारी पातळीवर काहीच होत नाही असं नाही. मुंडेंच्याच नावानं कामगारांसाठी कल्याणकारी महामंडळ आहे. ४१ तालुक्यांत मुलामुलींची ८२ वसतिगृहं काढायची योजना २०२१ मध्ये जाहीर झाली. पोरांनी गावातच राहून शिकावं म्हणून हंगामी वसतिगृहंही चालतात. पण आम्ही होतो त्या गल्लीतून निघालेल्या ट्रॅक्टरवर मी स्वतः नऊ पोरं मोजली.

पहाट

पहाटे पाचला ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत भांडी, ज्वारीचं पोतं, ताडपत्री, गोधड्या, दोन शेळ्या, खुराड्यात कोंबड्या. सगळ्यात वर बायका-पोरं. आजी दारात उभी. निरोपाचं रडणं वगैरे काही झालं नाही. मावशींनी लेकीला सांगितलं, गॅस बंद करून जा, आणि आजीच्या गोळ्या आणून ठेव. मग मला म्हणाल्या, "परत येशील तवा पाडव्यानंतर ये बाई. तवा घरी असतोय आम्ही."

ट्रॅक्टर वळणावर दिसेनासा झाला. गल्लीत एकदम शांतता. सात-आठ दारांना कुलपं, ओट्यांवर म्हातारी माणसं. दिवाळीच्या पणत्या अजून तशाच होत्या.

परतीच्या एसटीत आम्ही फारसं बोललो नाही. मला वाटलं, विषय संपला. पण त्या मंगळवारी तिचा फोन आला. ऑफिसात नवीन जॉइन झालेल्या मुलीनं लंचला सगळ्यांना विचारलं होतं, तुमचे पेरेंट्स काय करतात?

"मग?"

"म्हटलं, ऊस तोडतात. सध्या कर्नाटकात आहेत, कारखान्यावर."

"आणि ती?"

"ती म्हणाली, ओह. मग विचारलं, म्हणजे नक्की काय करतात? मग काय, सगळा लंच ब्रेक त्यातच गेला. कोयता, उचल, खाडा... सगळं सांगितलं." ती जरा थांबली. "आईचं नावही सांगितलं गं. कुणी विचारलं नव्हतं, तरी."

तुम्हालाही जायचंय?

कसं जाल : पुण्याहून बीडला थेट एसटी आहेत. अहिल्यानगर-बीड रेल्वे १७ सप्टेंबर २०२५ ला सुरू झाली. वेळापत्रक बघूनच निघा.

काय बघाल : बीडमध्ये पाण्याच्या मधोमध उभं असलेलं कंकालेश्वर मंदिर आणि खजाना विहीर. धारूरचा किल्ला. अंबाजोगाईला योगेश्वरीचं मंदिर, मुकुंदराजांची समाधी आणि हत्तीखाना लेणी. परळीला वैद्यनाथ, पुढे पांगरीला गोपीनाथगड.

कधी जाल : हिरवा बालाघाट हवा तर ऑगस्ट-सप्टेंबर. माणसं भेटायला हवी असतील तर गुढीपाडव्यानंतर. नोव्हेंबर ते मार्च गेलात, तर कुलपं भेटतील.

आणि एक : कुणाच्या घरी चहा घेतलात, तर 'साखर कमी' म्हणू नका. आणि निघताना घरातल्या बाईचं नाव विचारून घ्या.